सेकंडचा माल

श्रीलतानं परस्पर नंबर लावला.
ती लॅबमध्ये कामाला, तिला सगळं कळतं.
म्हणाली, काही झालेलं नाही
म्हणूनच जायचं, पप्पा.

तर एप्रिलच्या दुपारी, साडेबाराला,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून
सात रस्त्याच्या दवाखान्यात
मी शर्ट, बनियन काढून बसलो.
दोन्हीच्या नीट घड्या घातल्या. सवय.
एकतीस वर्षं फोल्डिंगला आहे मी.

काम सांगतो माझं.
काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट,
वरून चादर सरकत जाते, मी बघत राहतो.
सुटलेला धागा. गाठ. तेलाचा ठिपका.
मोराची चोच, जिथं एक दोरा चुकलाय.
खडूनं गोल करायचा.
तीन गोल झाले की शिक्का : सेकंड.
सेकंडचा माल मंगळवार बाजारात निम्म्या भावात जातो,
ऊब तेवढीच देतो,
पण शिक्का तो शिक्का.

डॉक्टर हत्तुरेबाईंनी दिव्याचं भिंग
पाठीवर टेकवलं. गार लागलं.
त्या पुटपुटत होत्या,
कड बघू. रंग एकच आहे ना. दोन्ही बाजू सारख्या...
मी नुसता मान हलवत होतो,
बरोबर, असंच बघतात.
फक्त या खेपेला टेबलावर मी होतो.

"हा खांद्याखालचा, किती वर्षांपासून?"
मला काय ठाऊक.
पाठ आहे, एवढंच ऐकून माहीत.

मग नागमणीला आत बोलावलं.
पिशवी छातीशी धरून आली,
बाकड्यावरच्या बायका डोकावतायत म्हणून
आधी पडदा ओढला तिनं.
"तो होय? तो लग्नाच्या आधीपास्नं आहे की.
हा श्रीलता पोटात होती तेव्हाचा.
मणक्यावरचा तुरीच्या डाळीएवढा होता,
तेवढाच आहे ओ अजून.
आणि हा तीळच नाही.
मागावर पडले होते, चौऱ्याण्णव साली, त्याची खूण."
बोट न लावता, हवेतूनच,
एकेकाची ओळख करून देत गेली,
मांडवात सोयरे दाखवावेत तशी.
मग एकदम काय वाटलं कुणास ठाऊक,
पिशवीचे बंद आवळत बसली.
डॉक्टरबाईंनी वर पाहिलं नाही, लिहीत राहिल्या.
बरं झालं.

"आपल्याकडे पाठीपेक्षा तळवे नीट बघायचे," म्हणाल्या,
"तळवे, नखं. लोक तेच दाखवत नाहीत."
चप्पल काढली. पाय धुतलेले नव्हते, लाज वाटली.
डाव्या तळव्यावर, टाचेच्या जरा वर, एक.
नागमणी वाकली. बराच वेळ वाकून राहिली.
"हा नाही ओ माझ्या माहितीतला."

आई असती तर म्हणाली असती,
तळपायाला तीळ, पोरगा परदेशी जाणार.
मी हैदराबादच्या पलीकडे गेलो नाही.
तिथंही मयतीलाच.

बाईंनी शेजारी छोटी पट्टी ठेवून फोटो काढला.
तीन मिलिमीटर.
"काळजीचं दिसत नाही. तीन महिन्यांनी परत या,
वाढला का बघू."
मी विचारलं, म्हणजे पास का सेकंड?
त्यांना कळलं नाही.
आमच्याकडे असं मधलं काही नसतं.

रात्री लाइट गेली.
अख्खी गल्ली गच्चीवर. सिमेंट अजून तापलेलं,
कुणाची तरी चादर, आमच्याच कारखान्याची, कठड्यावर.
नागमणी पाठ करून झोपलेली.
मला आपलं वाटत राहिलं,
हत्तुरेबाईंनी उद्या हिला टेबलावर घेतलं
आणि मला बाहेरून बोलावलं,
तर मी काय सांगणार आहे?
"इकडं सरक जरा. पाठ बघू."
"गच्चीवर? लोकं बघतेत की ओ. झोपा."

मोबाइलची बॅटरी हातानं झाकून लावली.
मानेवर, अंबाड्याच्या खाली, एक दिसला.
कडा सरळ. रंग एकच.
कधीचा आहे, तिलाच विचारावं लागेल,
आणि तिला तर तो दिसतच नाही.