घशातलं हाड

काम्पिनासच्या प्रयोगशाळेत मी काचा धुतो.
आधी ॲसिटोन, मग साबण, मग पाणी तीनदा,
मग भट्टी, एकशे दहा अंश.
सतरा वर्षांत दोनच चंबू फुटले हातून.
तिसरा तार्सीझियोकडून फुटला, नाव माझं लागलं.

रसायन मला कळत नाही. वास कळतात.
बदामाचा आला की खिडकी उघडायची,
सडक्या अंड्याचा आला की पळायचं,
आणि कसलाच वास येत नसला
की डॉक्टर नोएमिया साकामोतो गुणगुणायला लागतात:
पदार्थ शुद्ध आहे.

एकदा त्यांनी पडद्यावर दाखवलं.
जंतूच्या पोटातलं एक प्रथिन,
गुंता झालेल्या लोकरीसारखं,
त्याच्या कुशीत एवढीशी खाच.
"वाल्देसी, या खाचेत काहीतरी अडकवायचंय.
मग त्याला खाता येणार नाही."
म्हणजे घशात हाड, मी म्हटलं.
"हो. पण हाड आपण घडवायचं,
आणि माणसाच्या घशात ते अडकता कामा नये."

तर अशी हाडं. चाळीस, एकशे सहा, एकशे नव्वद.
कुठे एक कार्बन जास्त, कुठे फ्लोरिन चिकटवलेला,
कुठे शेपूट डावीकडून उजवीकडे.
एक पाण्यात विरघळेना.
एक यकृतानंच फस्त केलं.
एक इतकं छान की तार्सीझियोनं केक आणला,
आणि सोमवारी पिंजऱ्यात सगळे उंदीर आडवे.
सगळ्यांची भांडी माझ्याकडे आली.
नापास झालेल्याची काचेवर पांढरी कड राहते.
नखानं निघते.

दोनशे बारा मात्र टिकलं.
बशीतले जंतू मेले. उंदरांचं रक्त स्वच्छ,
महिना स्वच्छ, दोन महिने स्वच्छ.
तिसऱ्या महिन्यात एका उंदराच्या हृदयात
कुणीतरी जागं झालं.
झोपून होते म्हणे तिथे,
न खाता, न वाढता, मेल्याचं सोंग घेऊन.
जो खातच नाही
त्याच्या घशात काय अडकणार?

त्या संध्याकाळी डॉक्टर धुण्याच्या खोलीत आल्या,
माझ्या स्टुलावर बसल्या, संत्रं सोलू लागल्या.
"तुझं गाव कुठलं, वाल्देसी?"
सतरा वर्षांत पहिल्यांदाच.
सांगितलं: जेकिचिन्योन्याचं खोरं.
काठ्या विणून त्यावर थापलेल्या मातीचं घर.
भेगांतून रात्री किडे यायचे,
आम्ही त्यांना न्हावी म्हणायचो,
थेट तोंडाशीच यायचे म्हणून.
सहा वर्षांचा होतो, डावा डोळा सुजला,
आई म्हणाली, धूळ गेली असेल.

संत्र्याची फोड त्यांच्या बोटांत तशीच राहिली.
"तपासलंस?"
हो. फुगलंय. पेसमेकर आहे,
हा इथे, सदऱ्याखाली, काडेपेटीएवढा.
"मग बोलला का नाहीस?"
तुम्ही कामात होता.
"किती वर्षं झाली?"
बावन्न.

बराच वेळ नळ ठिबकत होता.
मग त्या माझ्याशी नाही,
माझ्या सदऱ्याच्या खिशाशी बोलल्या:
"आम्ही एकोणीस वर्षं शोधतोय तुला."
मी ओशाळलो,
पोलीस दारात उभे असताना
घरात कुणाला लपवल्यासारखा.
अर्धं संत्रं त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. आंबट होतं.

सकाळी आठला नव्या चंबूची चिठ्ठी आली.
तार्सीझियो म्हणाला, आता दुसरी खाच बघायची,
उपाशी झोपणाऱ्यालाही श्वास तर लागतोच.
सैल पडलेलं हृदय कुठल्या भुकटीनं आवळतं का,
हे त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

चंबू घेतला. ॲसिटोन, साबण, पाणी.
तीनदा पुरतं.
मी चौथ्यांदा धुतला.