बॅटरी धरणारा

सत्तेचाळीस वर्षांचा झालो,
अजून मला तीन दगडांची चूल मांडता येत नाही.
मांडली तर पातेलं कलतं,
आणि भोगावतीच्या काठी बसलेली बारा माणसं
एकदम नदीकडं बघायला लागतात.

घरात गॅसवर सगळं जमतं.
आमटी, अंडाकरी, पाहुणे आले तर पांढरा रस्सासुद्धा,
नारळाचं दूध न फाटता.
पण डोक्यावर आभाळ आलं की
माझे हात सरकारी होतात.

चष्म्यावर धूर बसतो.
लाकूड ओलं निघतं, नेमकं माझ्याच वेळी.
ही लोकांना सांगायची कारणं.

खरं असं, की अण्णांनी मला बॅटरी दिली.
नऊ वर्षांचा होतो. आखाडातली रात्र,
चिखलीच्या पुढं कुणाचातरी मळा,
तालमीतली दांडगी माणसं कांदे चिरत रडत होती.
"हितं धर. हलवू नको."
मी धरली. हललो नाही.
उजेडाच्या गोलात फक्त त्यांचा हात, पळी,
आणि लाल तवंग बाजूला सारून
वर येणारं एखादं हाडूक.
चव बघायची वेळ आली की गोल उचलायचा
त्यांच्या तोंडापर्यंत.
ते डोळे मिटायचे. मळा थांबायचा.
मग नुसतं, "हं."

पुढच्या वर्षी बॅटरी.
मिशी फुटली, तरी बॅटरी.
नोकरी लागली, लग्न झालं, सेल बदलले.
"मी ढवळू का, अण्णा?"
"करपवशील. हितं धर."
परतताना सायकलपर्यंत
माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचे.
तेवढ्यावर मी वर्ष काढायचो.

ते गेले त्या साली मंडळानं पळी माझ्या हातात दिली,
पालखीचा दांडा द्यावा तशी.
"रक्तातच असतंय हे," इस्माईल बागवान म्हणाला.
रक्तात नव्हतं.
खाली कोळसा, वर कच्चं,
आणि बारा माणसं मयताला आल्यासारखी
मान खाली घालून भाकरी मोडत होती.

घरी आलो तर आई जागी.
डबा उघडला, बोट बुडवलं.
"चटणी कुठली घातलीस?"
"दुकानातली."
"माझी न्यायचे की रं त्ये."
दर मे महिन्यात गच्चीवर मिरची वाळायची,
घरभर शिंका, डोळ्यांची आग,
आणि आखाडात त्यातली एक बरणी
सायकलच्या हँडलला लटकून मळ्यात जायची.
आई कधी गेली नाही. कुणी म्हटलंही नाही चल म्हणून.
उरलेलं गार कालवण सकाळी चपातीशी खायची.
कसं झालंय विचारलं तर, "बरं हाय."

डबा झाकता झाकता म्हणाली,
"आणि बॅटरी कुणी धरली?"
"कशाला? जाळ होता की. चांदणंही होतं."
"त्यास्नी रातचं दिसायचं न्हाई.
कुणाला सांगू दिलं न्हाई कधी."
मग तिनं दिवा मालवला,
मी स्वयंपाकघरात तसाच उभा.
खांद्यावर काहीतरी जड, जुनं.

एवढी वर्षं मला वाटत होतं,
हा माणूस मला शिकवत नाही.
त्याला तर पळीतलं खारं दिसत नव्हतं,
लाकूड लाल झालं की काळं राहिलं
हे तो कानानं ओळखत होता, तडतडीवरून,
आणि कान कसा शिकवायचा
हे कुणाला येतं?

यंदा पुन्हा बोलावलंय.
बरणी मी पुढच्या सीटवर ठेवलीय,
मागच्या सीटवर आई, पदर घट्ट धरून,
वडणग्याच्या वळणावर विचारते,
"बायका असतात का रं तिथं?"
असतील, म्हणतो. तू आहेस.

नदीकाठी ती दगडावर बसते.
मी तीन दगड मांडतो.
ती काही बोलत नाही, एक पाचर पुढं सरकवते.
डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न करतो.
तडतड तर सगळीकडूनच येते.
पातेलं अजून जरा कलतंच.