खाल्ल्या मिठाला

तेवीस खिळे, तेवीस पट्टे.
सोत्कामोच्या शाळेत स्की-खोलीमागं
माझी धुण्याची मोरी आहे.
बाहेर उणे अठरा, आत कोमट पाणी,
आणि रोज संध्याकाळी पाचला
तेवीस पोरांच्या छातीचं मीठ माझ्या हाताला लागतं.

माणूस खाल्ल्या मिठाला जागतो म्हणे.
पट्टा जागत नाही.
मीठच त्याला खातं.
आधी कापड ताठरतं वाळल्या माशासारखं,
मग काळ्या रबरावर पांढरी रेघ,
मग एखाद्या दिवशी पोरगी नुसती उभी असते बर्फात
आणि घड्याळ म्हणतं, दोनशे बारा.

पेन्त्ती ओरडतो. तो प्रशिक्षक, त्याला आकडे लागतात.
"हिल्क्का, तुझे पट्टे खोटं बोलतात!"
बोलतात. कधी बोलतात तेही मला ठाऊक आहे.
कोरडे असले की
(दोन थेंब पाणी लावा म्हटलं तर पोरं थुंकी लावतात),
सैल पडले की,
वर नायलॉनचा शर्ट फडफडला की.

आणि डबी पट्ट्यालाच अडकवून बॅगेत कोंबली,
तर ओल असेपर्यंत तिला वाटतं
कुणीतरी आपल्याला घातलंय.
रात्रभर जागी राहते बिचारी,
मोज्यांचं काळीज ऐकत.
सकाळी बॅटरी संपलेली.

म्हणून दारावर लिहिलंय:
डबी काढा. पिळू नका.
सौनाच्या दगडांवर वाळत घालू नका.
(एकानं घातला होता. वास अजून आहे.)
कुणी वाचत नाही.

बॅटरी नाण्याएवढी, झाकण उघडायलाही नाणंच लागतं.
आत केसासारखी बारीक रबरी कडी,
ती पिळली गेली की घाम आत शिरतो.
चष्मा लावून बसवते मी.
दुकानदार म्हणतो, पट्टा एक वर्ष टिकेल.
माझ्याकडं तीन हिवाळे टिकतो.

खिळा चौदा. यालमारी.
नोव्हेंबरात चढावर एकदम दोनशे तीस,
मग खाली,
मग पुन्हा, सपाटीवर, काही कारण नसताना.
मी पट्टा धुतला. बॅटरी बदलली.
नवा पट्टा दिला. दुसऱ्याची डबी दिली.
पेन्त्तीनं स्वतःचं घड्याळ काढून दिलं.
दोनशे तीस.

एका रात्री मीच तो बांधला लोकरीच्या आत,
अठ्ठावन्न वर्षांच्या छातीवर,
आणि अंगणातला बर्फ उपसला.
एकशे एकवीस. एकशे चोवीस. एकशे वीस.
वाण्याच्या वहीसारखा चोख हिशेब.

फावडं तसंच हातात राहिलं.
काळजाचा ठोका चुकला म्हणतात, तसं झालं.
घड्याळात मात्र काही उमटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोरीपाशी त्याला सांगितलं.
"पट्टा खराब आहे," तो म्हणाला.
"पट्टा चांगला आहे, यालमारी."
सतरा वर्षांचा. भिंतीकडं बघत राहिला.
दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही,
कुओपिओच्या दवाखान्यातून आल्यावरसुद्धा.
यंदा स्की नाही, एवढं पेन्त्तीकडून कळलं.
पुढचं डॉक्टर वसंतात सांगणार.

आता गुरुवारी येतो,
बोलावलेलं नसताना.
बाह्या सारून कोमट पाण्यात हात घालतो,
बाकीच्यांचे पट्टे धुतो.
पिळत नाही. टॉवेलात दाबतो.
बटणाच्या कडेचं मीठ नखानं काढतो,
मला जमत नाही इतकं सावकाश.
मी काही विचारत नाही. रेडिओ लावते.

चौदाव्या खिळ्यावरचा पट्टा मी काढला नाही.
पण नुसतं लटकलेलं रबरही कडक होतं,
हे दारावर लिहायचं राहिलं होतं.
म्हणून रविवारी बर्फ उपसताना मी तो बांधते.
एकशे एकवीस, एकशे वीस.
मग डबी काढते, धुते, टांगते.

माझंच मीठ. तेही निघायला वेळ लागतो.