तुल्य वाण

माझ्या नोकरीत लाकडाची एक पाटी असते,
पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत: तुल्य.
चाचणीला धानाचे नवे बारा वाण लावले
की तेराव्या वाफ्यात हा जुना, ओळखीचा,
जो कसलाच चमत्कार करत नाही.
त्याच बांधीत, त्याच दिवशी रोवलेला,
त्याच बोडीचं पाणी प्यालेला.
ह्याच्या पुढे गेला तो वाण चांगला.
बाकी रस्त्याकडेची लोंबी बघून
कोणी काही म्हणो.

तर मार्च संपता संपता पेन्शनचं पत्रक आलं.
सुरुवातीपासूनचा परतावा: नऊ पूर्णांक एक.

कशाच्या मानानं, ते कुठंच नाही.
धुऱ्यावर एकटं उभं असावं
तसा आकडा.

ऑफिसात विचारलं. सहारे बाबू हसले,
"आमची जुनी पेन्शन, मॅडम. आमाले पत्रकच येत नाही."
नणंदेचे यजमान नागभीडहून आलेले, म्हणाले,
सोनं घ्यायचं होतं. तीन वर्षांत बघा कुठं गेलं.
तीनच का, मी विचारलं.
आधीचं त्यांनी मोजलं नव्हतं.
कुंदाचा अनिकेत पुण्याहून फोनवर:
काकू, बाजाराचा निर्देशांक बघा, तुम्ही फार मागे आहात.

आहे मी मागे.
पण माझ्या शंभरातले पंधराच बाजारात,
पंच्याऐंशी रोख्यांमध्ये निजलेले.
कालव्याखालच्या धानाशेजारी
वरथेंबी बांधीचा उतारा मांडला असता
तर आमच्या साहेबांनी वही फेकून मारली असती.

एका रविवारी मग मीच पाटी ठोकली.
पंधरा भाग निर्देशांक, पंच्याऐंशी भाग रोखे,
हप्ता ज्या महिन्यात पडला त्याच महिन्यापासून.
सरकारचा वाटा बावीस महिने उशिरा आला होता,
तोही उशिराच रोवला.
(पऱ्हं म्हातारं करून लावलं तर फुटवे कमी येतात.
त्यात वाणाचा दोष नसतो.)

नऊ पूर्णांक पाच.

म्हणजे तुल्याच्या खाली. थोडंसंच, पण खाली.
असा वाण आम्ही तीन हंगाम पाहतो
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहितो: शिफारस नाही.
किती लिहिले असतील मी असे शेरे, चहा पिता पिता.
हा लिहायला पेन्सिल घेतली.

आई अंगणात मोहफुलं पसरत होती.
चाळीस हंगाम लोकांच्या बांध्यांत वाकलेली,
तिच्या नावावर कसलंच पत्रक नाही.
"टक्के नोको सांगू मले. धान किती?"

बसले पुन्हा.
पहिल्या साली माझ्या पगारातून जे कापलं
त्यात तेव्हा चौदा खंड्या आल्या असत्या.
त्याच पैशाचं आज जे झालंय
त्यात वीस, वर थोडं.
एवढ्या प्रशिक्षणांना गेले, चहा-बिस्किटं खाल्ली,
हे गणित कुणी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

आईनं बोटाला चिकटलेलं फूल सोडवलं.
"पंधरा वर्सात सहा खंड्या. बरं हाये.
पन ढोल्यातले उंदीर धरले का तू?"

उंदीर.
माझ्या नऊ पूर्णांक एकमधून
त्यांनी काहीतरी आधीच नेलेलं असणार.
आणि मी ठोकलेल्या पाटीखालचं धान तर
नुसतं कागदावरचं, त्याला कोण कुरतडणार?
इतकी वर्षं वाफे सारखे राखले,
एकाच बाजूला जाळी लावलेली
दिसली नाही मला.

शेऱ्यावरून रबर फिरवलं. पूर्ण गेला नाही.

पत्रक उलटं करून बघतेय,
शुल्क कुठंतरी बारीक अक्षरात असेल.
चष्मा आत राहिलाय.
आई म्हणते, ते मंग पाय,
आधी टोपली धर, वारा सुटला.