स्रोत : तोंडी

सकाळी आधी सर्व्हर उठतो, मग मी.
म्हणजे तो उठला की नाही हे बघायला मी उठते.
शरणपूर रोड, तिसरा मजला, एसीचं पाणी बादलीत टपटपतंय,
आणि पडद्यावर नाशिक
चौकोनाचौकोनानं भरत येतं,
कुणी अंगण सारवत यावं तसं:
आधी नदी, मग पूल, मग सिडकोची घरं,
सगळ्यात शेवटी नावं.

लेयर एकशे बारा.
पाणी, गटारं, दिवे, टॉवर, कुत्र्यांची नसबंदी.
प्रत्येक खात्याचा साहेब वेगळा, पासवर्ड वेगळा,
तक्रार तेवढी एक : मॅडम, नकाशा हळू चालतो.

एकदा कंत्राटदारानं अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केली.
अंबडचे दोनशे सहा व्हॉल्व्ह
नॉर्वेच्याही वर, समुद्रात जाऊन पडले.
बिल मात्र पास झालं होतं.
मी दोन रकाने उलटे केले
आणि दोनशे सहाच्या दोनशे सहा एका एंटरमध्ये घरी,
ओलेसुद्धा न होता.
त्या दिवशी मला देव झाल्यासारखं वाटलं,
चहा येईपर्यंत.

गांगुर्डे व्हॉल्व्हमन. नाव निवृत्ती,
निवृत्तीला चार महिने बाकी.
त्याच्या हाती टॅब दिला
तर दोन्ही तळव्यांवर भाकरीसारखा धरून उभा राहिला.
बराच वेळ बघून म्हणाला,
‘तांबट लेनची लाइन तुम्ही सरळ दावलीय.
ती मधे वळती. लिंबाला वळसा घालून जाती.’
कुठला लिंब?
‘तोडला की. लई वर्षं झाली.
पण नळाला कुठं म्हाईतंय ते.’

मी पुरावा मागितला.
आमच्याकडे रकानाच असतो तसा : स्रोत.
उपग्रह, सर्वेक्षण, जुना कागदी नकाशा,
यादीतलं एक निवडायचं, रिकामं सोडलं तर लाल होतं.

रात्री दीड वाजता गेलो.
दिवसा तिथं हातोड्यांपुढे काही ऐकू येत नाही.
त्यानं लोखंडी सळई फरशीवर टेकवली,
दुसरं टोक कानाला, डोळे मिटलेले.
मी जीपीएस घेऊन उभी :
उपग्रह अकरा, अचूकता तीन मीटर.
गल्लीच सव्वातीन.
‘इथं,’ तो म्हणाला. चार पावलं गेला. ‘इथं.’
मग एका बंद दुकानाच्या पायरीपाशी
जिथं काहीच नव्हतं
तिथून थोडा बाजूनं गेला,
खांदा आत घेऊन, फांदी लागेल म्हणून जावं तसा.
मीही तशीच गेले.

नंतर सळई माझ्या कानाला लावली.
आधी माझंच रक्त ऐकू आलं.
मग खूप खाली
कुणीतरी ‘श’वर अडकलेलं,
पुढचं अक्षर न सापडता
तेच म्हणत राहिलेलं.

तेवीस बिंदू. तेवीस बिंदूंची वाकडी रेघ.
यादीत बसेना,
मग मी यादीतच एक शब्द वाढवला,
अधिकार होता म्हणून :
तोंडी.
पुढे नाव, तारीख, वेळ.
अचूकतेच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
‘पावलानं’ लिहिलं, तर तो रकाना फक्त आकडे घेतो.
शून्य दशांश पाच टाकलं. अर्धा मीटर.
उपग्रहापेक्षा सहापट बरा माणूस.

आता ती रेघ सगळ्यांना दिसते.
विभागीय कार्यालयं उघडतात, अग्निशमनवाले उघडतात,
नाशिकरोडहून कुणी मोबाइलवर दोन बोटांनी मोठी करतं.
वळणापाशी कुणी थांबत नाही. का थांबावं.

गांगुर्डे एकतीस मेला गेला, शाल आणि नारळ घेऊन.
सळई स्टोअरला जमा केली, पावती घेतली.

परवा लेखापरीक्षणाचा शेरा आला :
सदर गल्ली सरळ आहे,
सबब रेघ सरळ करून
अनुपालन सादर करावे.

फाइल माझ्या टेबलावर आहे.
रेघ सर्व्हरवर.