शेरा

उणे ऐंशीचं दार उघडलं
तशी गार वाफ आधी माझ्या चष्म्यावर बसली.
हिरोजीने हातमोजे पुढे केले,
त्याच्या बायकोने विणलेले,
एक अंगठा लांब, एक आखूड.

एकतीस नळ्या.
लेबलांवर माझंच अक्षर, तेही तीन वयांचं:
शाईचं गोलसर, परीक्षेला बसल्यासारखं,
मग बॉलपेनचं, घाईतलं,
आणि शेवटी काळ्या मार्करचं,
ज्यात ‘ब’ आणि ‘व’ यांतला फरक मी सोडून दिलेला.

बुळकांडी.
हा शब्द मी कॉलेजात नाही शिकले.
नायगावच्या आमच्या चाळीत, नळावरच्या भांडणात,
दुर्गीमावशी दोन्ही हात वर करून म्हणायची,
‘तुझ्या दावणीला बुळकांडी लागो!’
दावण कुणाचीच नव्हती.
म्हैस पाहायची तर जोगेश्वरीला जावं लागे.

बाविसाव्या वर्षी मी पहाटेची बस धरून
देवनारला जायचे.
रेडकाची दोन मूत्रपिंडं, अजून कोमट,
बर्फाच्या थर्मासात घेऊन परळला परत.
कंडक्टर विचारायचा, काय बाई, आज भाजी कसली?
मी म्हणायचे, पडवळ.

त्या पेशींचा एकपदरी गालिचा
बाटलीच्या तळाशी पसरायचा
आणि मी त्यावर मरण सोडायचे, पिपेटने, मोजून.
काही दिवसांनी गालिच्याला भोकं पडायची.
भोकं मोजायचा मला पगार होता.

या बाटलीतून त्या बाटलीत, त्या बाटलीतून पुढच्या,
नव्वदाव्या बाटलीपर्यंत पोचता पोचता
तो मारायचं विसरला होता.
ही कर्तबगारी माझी नव्हे, माझ्या आधीच्यांची.
मी नव्वदावी बाटली फक्त सांभाळली.
एकदा टोचलं की जनावराचं रक्त
त्याला जन्मभर विसरत नाही.
माणसांबद्दल मी असं छातीठोक सांगणार नाही.

मग यंत्रं आली, त्याची अक्षरं वाचता आली:
सोळा हजारांना थोडी कमी.
आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवालही याहून लांब असतो.
शेजारी गोवराची अक्षरं ठेवली,
तर सख्खे नव्हेत पण चुलत नक्की,
तेच नाक, बोलायची तीच ढब.
गोवर. शब्दातही गाय येऊन बसलेली,
योगायोगच असणार.
माझ्या धाकट्या भावाचा डावा कान गोवराने नेला.
मोरेश्वर अजून फोन उजवीकडेच धरतो.
त्या संध्याकाळी मी त्याला फोन केला
आणि पावभाजीबद्दल बोलले.

आता पत्र आलंय.
रोग जगातून संपला. नमुने नष्ट करावेत.
साक्षीदार दोन.
हिरोजी मांजरेकर, आणि वरच्या मजल्यावरची पर्विन डुमसिया,
जी येताना मावा केक घेऊन आली,
मग ओशाळून तो पाठीमागे लपवू लागली.

एकशे एकवीस अंश. पंधरा पौंड दाब. वीस मिनिटं.
कुकरच की, हिरोजी म्हणाला, शिट्टी तेवढी नाही.
खरं तर एवढा थाट कशाला हवा होता?
गोठेच्या गोठे रिकामे करणारा हा,
गच्चीवर उन्हात वाळत घातला असता
तर पापडाच्या आधी मेला असता.
दुर्गीमावशी, तुमची शिवी
आता कुणालाच लागायची नाही.

रजिस्टर उघडलं.
नमुना क्रमांक, गाव, तारीख, शेरा.
ज्याला संपवायचं म्हणून छत्तीस वर्षं जपलं
त्याच्यापुढे काय लिहितात?
पेन टेकवून ठेवलं, तिथे शाईचा ठिपका वाढत गेला.
मग लिहिलं, ‘निरंक’.
एकतीस वेळा. ‘वरीलप्रमाणे’ लिहवेना.

केक आम्ही खाल्ला. चांगला होता.

तीन वाजता देवनारहून फोन:
दोन शेळ्या, नाकातून पाणी, तोंडात फोड.
हाही त्याच घराण्यातला, शेळ्यांचा.
हा संपलेला नाही.
कपाटामागून थर्मास काढला.
झाकण नीट बसत नाही, जुनंच दुखणं.
रबरबँड लावला.