पपईचा देठ

वैशाखात आमच्याकडे दुकानातली मेणबत्ती
दुपारीच कंबरेतून वाकते.
विहाराच्या कोनाड्यात ठेवा,
चार वाजेतो ती पंचांग प्रणाम करून मोकळी.
वनमाला मावशी हसायची,
“शयरातली होय बापा, तिले उन्हाची सवय नाई.”

मावशीची वाकायची नाही.
वर्षभर ती थोटकं गोळा करायची,
कुणाच्या लग्नातली, कुणाच्या नामकरणातली,
गजघाटे गुरुजींच्या पुण्यानुमोदनातली.
त्यात भावानं डोंगरातून आणलेलं
आग्या मोहोळाचं मेण, मुठीएवढं.
डालड्याच्या डब्यात, पऱ्हाटीच्या जाळावर
सगळं सावकाश पाणी व्हायचं.
मी विचारायचो,
यातलं लग्नाचं कोणतं, मयताचं कोणतं?
ती काडीनं ढवळत म्हणायची,
“आंधी त्यातले किडे काढ.”

वातीचा कापूस वेचणीवरून यायचा,
लुगड्याला चिकटून.
“म्या नाई चोरला. तोच आला माह्या मांगं.”
मांडीवर वळून वळून
तिथली कातडी गुळगुळीत झाली होती.

मग परसातल्या पपईचे देठ,
पोकळ, हिरवे, बुडाशी चिखलाचं बूच.
ओल्या वाळूत ते ओळीनं उभे,
मधोमध ताणलेली वात,
आणि ओतताना कुणी खोकायचं नाही.
रात्रभर माठाच्या गारव्याला.
सकाळी शेंगा सोलाव्यात तशी सोलायची;
आतून पिवळट, जराशी वाकडी,
अंगावर देठाच्या शिरा.
पेटली की मधाचा वास,
त्यामागून, अगदी हलका, धुराचा.

मी आता वायरमन आहे, महावितरणात.
खांबावर चढून गावाला उजेड देतो
आणि बोलणी खातो.
मावशीच्या पुण्यानुमोदनाला
नागपूरहून पाकीट आणलं, चांगल्यातलं.
दुपारी उघडलं तर सगळ्या
एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या.

उतरंडीमागं तिचा डबा सापडला,
थोटकांनी निम्मा भरलेला.
पपई होतीच.
मी देठ कापला, बूच नीट बसलं नाही,
अर्धं मेण वाळूनं पिलं, अंगठा भाजला.
बोटभर काहीतरी हाती आलं.

तेच लावलं.
वंदना संपायच्या आत विझलं.
लोक जेवायला उठले,
वरण कमी पडतं की काय, याची गडबड सुरू झाली.
बायकोनं उरलेलं थोटूक उचललं,
नखानं त्यातला किडा काढला
आणि डब्यात टाकलं.